यमाची बहीण

गेल्या महिन्यात नागपूरहून नातीचा फोन आला. ती मराठी घेऊन बी.ए. करतेय. (ही खोड घरात माझ्यापासूनच सुरू झाली.) म्हणाली, "आजी, मराठीतल्या पहिल्या कादंबरीत तुझं नाव आहे!" मी म्हटलं, अगं, एका नाही, दोन कादंबऱ्यांत आहे, आणि दोन्हीकडे मी विधवा आहे. ती हसली. मी मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. समोर प्रतापगडाचा डोंगर होता आणि डोक्यात सगळं जुनं.

माझं नाव यमुना. जन्म भाऊबीजेचा, म्हणजे यमद्वितीयेचा. यम आणि यमुना ही सूर्याची मुलं, आणि त्या दिवशी यम बहिणीकडे जेवायला जातो. म्हणून आजीने, म्हणजे बाबांच्या आईने, हे नाव ठेवलं. मी तीन वर्षांची असताना बाबा तापाने गेले. मग गावातल्या बाया म्हणू लागल्या, पोरगी खरोखरच यमाची बहीण निघाली, भावाला घरी बोलावलं. मला ते दिवस आठवत नाहीत, पण बोलणाऱ्या बाया मी चांगली दहा वर्षांची होईपर्यंत बोलत होत्या, त्यामुळे आठवल्यासारखेच आहेत.

तर पहिली यमुना बाबा पदमनजींची. 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. पदमनजी बेळगावचे, १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. त्यांची यमुना शिकलेली आहे. नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत विधवांची दुःखं बघते, ऐकते, आणि पुढे तिच्याच कपाळी ते येतं. सासरचे तिच्या केशवपनाच्या गोष्टी करू लागतात. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. खरं सांगू का, गोष्ट म्हणून मला ती कोरडी वाटली. साहेब तपासणीला आल्यावर आम्ही जसा पाठ घ्यायचो ना, तशी! पण एक गोष्ट मान्य करायला हवी. ही यमुना जगते.

दुसरी हरिभाऊ आपट्यांची यमू. 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' मध्ये क्रमशः येत होती, १८९३ ला पुस्तक झालं. लिहायला घेतली तेव्हा हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. सव्वीस वर्षांच्या पुरुषाने एका बाईच्या तोंडून तिचं सगळं आयुष्य सांगायचं, माहेरचं, सासरचं, मुंबईत नवऱ्याबरोबर काढलेल्या थोड्याशा सुखाच्या दिवसांचं, आणि ते कुठेही खोटं वाटू नये! नवरा गेल्यावर तिचे केस बळजबरीने काढतात, तो भाग मी कंदिलाच्या उजेडात वाचला. नोकरी लागली होती, बाहेरून बी.ए. करत होते, शाळेच्या गावी एकटीच खोली घेऊन राहत होते. ते वाचताना हात आपोआप स्वतःच्या वेणीकडे गेला होता. यमू पुढे फार जगत नाही.

ज्या १८९३ मध्ये ते पुस्तक निघालं, त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या. म्हणजे खरी विधवा संसाराला लागली आणि कागदावरची मेली. हरिभाऊंना यमूला वाचवता आलं असतं, असं मला तेव्हा फार वाटायचं. आता वाटत नाही. वाचवली असती तर वाचणाऱ्यांना सुखाने झोप लागली असती.

यमाची बहीण हे नाव दोघांनीही विधवेलाच दिलं. वाङ्मयाची माणसं याला योगायोग म्हणतील. मी नाही म्हणू शकत.

आता माझी गोष्ट. यमू वाचून संपवली तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं, आपल्यात असलं काही नाही. केशवपन ब्राह्मणांच्या घरचं. आमच्यात विधवेचा पाट लागायचा. आमच्या मायचाही लागला, बाबा गेल्यावर दीड वर्षाने, गाढवी नदीपलीकडच्या एका गावी. पण पाट लागलेली बाई जाते, पोर जात नाही. पोर बापाच्या कुळाचं. मी आजीजवळ राहिले. ना पदमनजींच्या यमुनेला हा प्रश्न पडला, ना हरिभाऊंच्या. मला मात्र तो दोघींपेक्षा मोठा वाटायचा. दोघींच्या दुःखावर वर्गात बोलायची वेळ आली की मी भरभरून बोलायचे, आणि स्वतःच्या मायबद्दल कुणी विचारलं तर विषय बदलायचे.

निवृत्तीनंतर एका मैत्रिणीने मराठी बायबल वाचायला दिलं. ती दवाखान्यात नर्स होती. (रमाबाईंनीही शेवटची कित्येक वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. पदमनजींच्या यमुनेसारख्याच त्याही विधवा झाल्यावर ख्रिस्ती झालेल्या.) त्यात रूथचं पुस्तक आहे, अवघ्या चार अध्यायांचं. रूथ विधवा, तिची सासू नामी हीही विधवा. सासू म्हणते, तू माहेरी जा. सून ऐकत नाही, सासूबरोबर परक्या मुलखात येते आणि लोकांच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरते. आमच्या धानाच्या मुलखात कापणीनंतर लोंब्या वेचणाऱ्या बाया मी लहानपणापासून बघितल्या आहेत, त्यामुळे बेथलेहेम मला काही लांबचं वाटलं नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्या पुण्याच्या भाचीला हे सांगितलं, तर तिने आणखी एक रूथ सांगितली. एलिझाबेथ गॅस्केल या बाईंची 'रूथ' ही कादंबरी १८५३ सालची, म्हणजे 'यमुनापर्यटना'च्या चारच वर्षं आधीची. त्यातली रूथ फसवली गेलेली कुमारी माता. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून तिला विधवा म्हणून घरात ठेवतात, आणि ती विधवा दिसावी म्हणून घरातली मोलकरीण तिचे सुंदर केस कापून टाकते. तिकडे विलायतेतसुद्धा! मी भाचीला ते दोनदा सांगायला लावलं.

पण मला अडकवलं ते बायबलातल्या सासूने. रूथचं पुन्हा लग्न व्हावं म्हणून तीच खटपट करते, न्हाऊन-माखून कुठे जायचं तेही सांगते. आणि रूथला मुलगा होतो तेव्हा त्याला मांडीवर घेऊन सासूच सांभाळते. शेजारणी तर म्हणतात की नामीलाच मुलगा झाला. हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

कारण मायचा पाट आजीनेच ठरवला होता. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं. आजीचा एकुलता एक मुलगा गेला होता. घरात कामाला दोन हात हवे होते, आणि तिने तेच दोन हात स्वतः शोधाशोध करून दुसऱ्याच्या घरी पाठवले. सून अवघी बावीस वर्षांची होती. मी इतकी वर्षं समजत होते की मायने मला टाकलं आणि आजीने उचललं. दोघींनी मिळून काय ठरवलं असेल, किती रात्री रडून ठरवलं असेल, हे विचारायला आता दोघीही नाहीत.

महाशिवरात्रीला आमच्या प्रतापगडावर मोठी यात्रा भरते. वर महादेव, इकडे ख्वाजा उस्मान गणी हारूनींचा दर्गा, आणि सगळ्या जातीधर्माची माणसं. माय दर यात्रेला यायची, पायथ्याशी भेटायची. पदरात माझ्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू असायचे. मी आजीच्या मागे लपायचे. मोठी झाल्यावर लपता येईना, तेव्हा लाडू घ्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. 'माय' म्हणून हाक मी तिला कधी मारली नाही.

आजी मात्र दरवर्षी घरून एक लुगडं घेऊन निघायची. हातमागाचं, साधंच. डोंगराच्या पायथ्याशी, गर्दीतून जरा बाजूला, झाडाखाली मायला बसवायची, कुंकू लावायची, ओटी भरायची आणि ते लुगडं द्यायची. लेकीची बोळवण करतात ना, अगदी तशी. वर्षानुवर्षं मी शेजारी उभी राहून तोंड फिरवून बघायचे, आणि आजी म्हणायची, "यमुने, नारळ धर."