पर्वत पाटियातली शांतता

सुरतेत ‘पाटिया’ म्हणजे हमरस्त्यावरून गावाकडे वळायची जागा, जिथे गावाच्या नावाची पाटी असते. आपल्याकडे याला फाटा म्हणतात. म्हणजे पर्वत पाटिया हा झाला पर्वत फाटा. फक्त त्यात पर्वत शोधायला जाऊ नका. तापीच्या गाळाची ही सपाट जमीन आहे, उंच म्हणाल तर अपार्टमेंटा. गाव केव्हाच शहरात विरघळलं, नाव तेवढं राहिलं.

माझे मामा इथे राहतात. या दिवाळीत मी आधी अमळनेरला गेलो आणि तिथून ताप्ती लाईनने सुरतेला. मंडळी, एकदा तरी या गाडीने दिवसा प्रवास करा. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. डब्यातल्या गप्पा मात्र सीमा ओलांडल्यावरही अहिराणीतच चालू राहतात. व्यारा, बारडोली करत उधन्याला उतरायचं आणि रिक्षा करायची. लिंबायत, नीलगिरी मागे पडेपर्यंत दुकानांच्या पाट्यांवर पाटील, बोरसे, महाजन दिसत राहतात. खानदेशातून लूमच्या कामासाठी आलेल्या माणसांनी हा भाग भरला. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, माझी मामेभावंडं तिथेच शिकली. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली हे आपण अभिमानाने सांगतो. नंतर आलेल्या मराठी माणसांनी इथे १२-१२ तासांच्या पाळ्या केल्या, हे जरा कमी सांगतो.

पाटियाजवळ आलं की कापड दिसायला लागतं. टेम्पोत साड्यांचे गठ्ठे, ओट्यावर बसून साडीला लेस लावणाऱ्या, टिकल्या चिकटवणाऱ्या बायका. मामांची बिल्डिंग आतल्या गल्लीत आहे, घर दुसऱ्या मजल्यावर. दुसरा मजला मुद्दाम घेतला, कारण पावसाळ्यात खाडी भरली की पाणी या भागातल्या तळमजल्यांत शिरतं. समोरच्या इमारतीत एम्ब्रॉयडरीच्या मशिनी आहेत. त्यांची टकटक सकाळी सुरू होते आणि रात्री उशिरा थांबते. कापडाची बारीक रुई खिडकीच्या जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर, देव्हाऱ्यावर बसते. मामी दिवसातून दोनदा पुसतात.

अशा घरात मला टीव्हीला जोडायला एक छोटा, आवाज न करणारा कॉम्प्युटर हवा होता. ऐकून मामेबहीण हसलीच. ‘दादा, इथे कशाचा आवाज ऐकू येणार आहे तुझ्या त्या डब्याचा?’

कारण एका कॅसेटमध्ये होतं. १९९७ च्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली होती. रोट झाले, रात्रभर गाणी झाली, आणि गावातल्या फोटोवाल्याने व्हीएचएसवर शूटिंग केलं. त्यात आजी गातेय. आजी आता नाही, ती गाणी कुठे लिहिलेलीही नाहीत. आम्हा भावंडांना अहिराणी समजते, पण त्या गाण्यांतले निम्मे शब्द आमच्या डोक्यावरून जातात. ते शब्द जाणणारे घरात एकटे मामा. आणि मामांना ऐकू कमी येतं.

मामांनी धोट्याच्या लूमवर तीसेक वर्षं काढली. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांना ९० डेसिबेलची मर्यादा आहे. धोट्याच्या खात्यात आवाज सहज त्यावर जातो. अशा आवाजाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. माणसाला आवाज येतो, पण स, श, फ असली व्यंजनं निसटतात. त्यामुळे मामा ‘ऐकू येतं’ म्हणतात, ते खरंच असतं, आणि ‘कळत नाही’ म्हणतात तेही. खात्यात सगळे ओठ बघून बोलणं ओळखायचे. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या गिरण्यांतल्या बायकांचीही अशीच ओठांची बोली होती. पण आमच्या फोटोवाल्याने कॅमेरा गाणाऱ्या बायकांवर कमी आणि रोटांच्या ताटांवर जास्त धरलाय. ओठ दिसतच नाहीत.

अशा कानांना मागचा आवाज आपल्यापेक्षा फार जास्त नडतो. आपण पंख्याच्या घरघरीतून गाणं वेगळं काढतो, त्यांना ते वेगळं निघत नाही. पंखा शब्द खातोच.

मामेभावाने आधी ऑफिसातला जुना डेस्कटॉप टीव्हीखाली ठेवला होता. काही महिन्यांत त्याच्या आत रुईची गोधडी झाली. रुईने हवा अडली की पंखा जोरात फिरतो, आणि इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबेलने उतरतो. मोठा, हळू फिरणारा पंखा म्हणूनच चालतो. छोट्या डब्यांत मात्र चिमुकला पंखा असतो आणि त्याला हवा ढकलायला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. म्हणजे ‘छोटा’ आणि ‘शांत’ एकत्र हवं असेल तर पंखाच नको. जिथे हवा आत खेचलीच जात नाही, तिथे रुईलाही आत ओढणारं कोणी नसतं.

इंटेलच्या एन १०० चिपचे मिनी पीसी मी पाहिले. ६ वॅटची चिप, एव्ही१ सकट सगळे व्हिडिओ सहज चालवते, पंख्याविनाही मिळते. ज्यांना टीव्हीवर ब्राउझरही हवा त्यांनी तेच घ्यावं. पण त्यांतल्या बऱ्याच डब्यांना टीव्हीचा रिमोट कळत नाही. मामांच्या हातात दुसरा रिमोट किंवा कीबोर्ड देणं म्हणजे तो आठवडाभरात सोफ्याखाली. रास्पबेरी पाय ४ ला एचडीएमआयच्या सीईसी सोयीमुळे टीव्हीचाच रिमोट चालतो. तो घेतला, आणि वर ॲल्युमिनियमचं कवच, जे स्वतःच उष्णता बाहेर टाकतं. फक्त टीव्हीच्या बंद कपाटात ठेवायचं नाही, सुरतेच्या मे महिन्यात तर नाहीच. फाइली यूएसबीच्या एसएसडीवर, कारण फिरणाऱ्या हार्ड डिस्कची गुणगुण लाकडी युनिटमधून दुप्पट वाटते. प्रणाली लिब्रएलेक, म्हणजे सुरू केलं की थेट कोडी. नेटवरचे सिनेमे टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवरच राहू दिले. तिथे या डब्याने लुडबुड करायचं कारण नाही.

व्हीएचएसची आणखी एक गंमत. आपल्याकडचं पाल चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं असतं, एक आड एक ओळींचं. टीव्हीच्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावून पाहिलं तर बांगड्यांना कंगव्याचे दात फुटायचे. कोडी त्या ओळी नीट जुळवतो. टीव्हीला ५० हर्ट्झवर ठेवलं की हातांची हालचालही सरळ दिसते.

आवाजासाठी स्पीकर आणले ते टीव्हीशेजारी न ठेवता मामांच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना ठेवले. अंतर निम्मं झालं की ६ डेसिबेल फुकट मिळतात, आणि शेजारच्यांना त्रास नाही.

दिवाळीत इथल्या मशिनी आणि मार्केटं बंद असतात, ती लाभपंचमीच्या सुमाराला उघडतात. फटाके असतात, पण भाऊबीजेची दुपार जेवणाने सुस्तावलेली असते. फोनवरच्या ॲपने मोजलं (ॲप काटेकोर नसतं, फरक मात्र सांगतं), तर एरवीच्या कामाच्या दिवसापेक्षा खोली २० डेसिबेलच्या वर शांत होती. जुना डेस्कटॉप अशा वेळी स्वयंपाकघरातून ऐकू आला असता. बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. गल्ली थांबते तेव्हाच मामांना शब्द कळायची संधी असते, आणि तेव्हा खोलीत आवाज करणारं दुसरं काही नको.

मामांनी डबा उलटापालटा करून पाहिला. ‘हाई काय शे? चालू शे का?’ पंखा नाही म्हणजे बंदच, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. मग बसले. बहिणीने वही घेतली. एक ओळ लावायची, थांबवायची, मागे न्यायची. काही ओळी सात-आठ वेळा. छताचा पंखाही बंद केला, मामी पुठ्ठ्याने वारा घालत होत्या आणि मामा चुकले की मध्येच दुरुस्ती करत होत्या. अमळनेरकडचा एक शब्द मामांनी सांगितला तो शेतातल्या एका अवजाराचा निघाला, आम्ही त्याला इतकी वर्षं देवीचं नाव समजत होतो.

चार दुपारींत साडेपाच गाणी उतरली. सहाव्याच्या मध्यावर लाभपंचमी आली आणि सकाळी समोरच्या मशिनी सुरू झाल्या. टीव्हीचा आवाज १४ वरून २६ वर न्यावा लागला, आणि शब्द पुन्हा गेले. उरलेली गाणी होळीच्या सुट्टीत. वही बहिणीकडे आहे, तिकीट मी काढलंय.