सूचना चौकीपर्यंत पोचली का?

मल्टी एजन्सी सेंटर, नवी दिल्ली, यांस


मुंबईकरांना तुमचं नाव फारसं ठाऊक नाही. पोलीस खात्यात तुम्हाला नुसतं ‘मॅक’ म्हणतात. कारगिल युद्धानंतर, २००१ साली, इंटेलिजन्स ब्युरोत तुमची स्थापना झाली. निरनिराळ्या यंत्रणांकडची दहशतवादाची माहिती एका ठिकाणी यावी, हेच तुमचं काम. म्हणजे २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा तुम्ही होतात, म्हणूनच हे पत्र तुम्हाला.

त्या रात्री दहा दहशतवादी समुद्रातून आले आणि कफ परेडच्या कोळीवस्तीशी उतरले. १६६ जीव गेले. समुद्रमार्गाबद्दल, मोठ्या हॉटेलांबद्दल इशारे त्याआधीच येऊन गेले होते. ते कुणी वाचले, कुणाकडे पाठवले, पुढे काय झालं, हे राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीला नंतर शोधावं लागलं. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिले आणि गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे हातात फक्त लाठी घेऊन उभे होते. हे आठवलं की आजही संताप येतो.

हल्ल्यानंतर बरंच झालं, हे मान्य. ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने तुम्हाला बळ मिळालं, तुमचं काम चोवीस तास चालू लागलं, राज्यांत तुमची उपकेंद्रं आली. त्या वेळी मानेसरहून राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे (एनएसजी) कमांडो पोचेपर्यंत सकाळ झाली होती. आता एनएसजीचं केंद्र मुंबईतच आहे. २०१२ साली मात्र राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा बेत राज्यांच्या विरोधामुळे बारगळला. ब्युरोच्या हाताखालच्या संस्थेला अटकेचे अधिकार द्यायला मुख्यमंत्र्यांनी हरकत घेतली, ती मला रास्त वाटते. पोलीस हा राज्यांचा विषय आहे. पण त्या भांडणात समन्वय चुकला तर जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्न तसाच पडून राहिला.

माझं मागणं साधं आहे. नुसती ‘सावध राहा’ अशी सूचना धाडू नका. ससून डॉकच्या चौकीवरच्या हवालदाराने त्यावर नेमकं काय करायचं? कुठे, काय पाहायचं, कुणाला कळवायचं, हे सूचनेतच लिहा, आणि त्याने काय केलं ते परत मागवा. अनोळखी बोट दिसली तर कळवा, तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा, असं आपण मच्छीमारांना सांगतो. मग त्यांनी कळवलेल्या बोटीचं पुढे काय झालं, हेही त्यांना कळायला हवं. उत्तरच मिळालं नाही तर माणूस दुसऱ्यांदा फोन करत नाही.

तुमच्यामागे संसदेचा कायदा नाही, सरकारी आदेश आहेत. गुपितं उघड करा असं कुणीच म्हणत नाही. पण वर्षातून एकदा, बंद दाराआड का होईना, संसदीय समितीपुढे बसा: किती इशारे दिले, किती नेमके होते, कितींवर ठाण्यात हालचाल झाली. हा हिशेब मागण्याचा हक्क १६६ घरांना आहे.

आपला,
एक मुंबईकर