मदतीचा हात कोठें थांबावा ?

आमच्या शाळेच्या बालवीर पथकाच्या शिबिराचा वृत्तान्त प्रतिवर्षीं या अंकांत येतो. शिबिर कोठें भरलें, कोणते खेळ झाले, कोणत्या संघानें ढाल पटकावली, हें सर्व त्यांत असतें. परंतु ज्यांचीं नांवें त्या वृत्तान्तांत कधींच येत नाहींत, अशा मंडळींविषयीं चार शब्द लिहावेत असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें. आम्ही त्या मंडळींतलेच एक असल्यामुळें ही आत्मस्तुति वाटेल अशी भीति होती. पण जें सांगावयाचें आहे तें मुख्यतः आमच्या एका चुकीविषयींच असल्यामुळें वाचक आम्हांस क्षमा करतील.

आम्ही फुलपाड्याचे रहिवासी. विरार स्थानकाच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या सावलींत आमची वस्ती आहे. वस्ती आतां दाटीची झाली, इमारतींस इमारती लागल्या. तरी पापडखिंडीच्या धरणाच्या बाजूस वळलें कीं अजून झाडी लागते आणि मुलांचे पाय आपोआप पळूं लागतात. तंबू ठोकावा, दगडापानांच्या खुणांवरून माग काढावा, तीन दगडांची चूल मांडावी, यासाठीं मुलांना याहून जवळची जागा ती कोणती ?

पण नुसती जागा असून भागत नाहीं. पथकाचे शिक्षक एक आणि मुलें छत्तीस. पहिल्या सहलीच्या वेळीं शिट्टी त्यांनींच वाजवावी, पाणी त्यांनींच वाटावें, ठेंचाळलेल्या मुलाच्या अंगठ्यास पट्टीहि त्यांनींच बांधावी, असा प्रकार झाला. दुपार होण्यापूर्वींच पिण्याचें पाणी संपलें. एका मुलाची पट्टी होईपर्यंत पसतीस मुलें उन्हांत बसून राहिलीं. संध्याकाळीं घरीं परततांना एक लहानगा म्हणाला, “सहलींत आम्ही बसूनच होतों.” त्याच आठवड्यांत शिक्षकांच्या साह्यासाठीं पालकांचें व माजी विद्यार्थ्यांचें एक लहानसें मंडळ उभें राहिलें.

मंडळांत आम्ही सहा जण. रेल्वेंतून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ, रुग्णालयांत परिचारिका असलेल्या एक माता, कॉलेजांत शिकणारे दोन तरुण, गवंडीकाम करणारे एक पालक आणि आम्ही. प्रत्येकानें आपापल्या परीनें भार उचलला. निवृत्त गृहस्थांनीं पालकांचीं संमतिपत्रें व जमाखर्च सांभाळला. परिचारिकाबाईंनीं औषधांची पेटी भरून दिली, आणि केवळ पेटी न देता प्रत्येक संघांतील दोघां मुलांस पट्टी बांधावयास शिकविलें. तरुणांनीं गांठी व नकाशावाचन घेतलें. शिबिराच्या आधीं आठ दिवस आम्ही जागा पाहावयास गेलों, तेव्हां गवंडीदादांनीं एका सपाट, सुंदर तुकड्यावर तंबू लावूं नका असें सांगितलें. “येथलें गवत सगळें एकाच अंगाला झोपलें आहे. पाणी वाहतें तें इथूनच,” असें ते म्हणाले. पुस्तकांतून हें ज्ञान आम्हांस मिळालें नसतें.

अशा रीतीनें तयारी उत्तम झाली, आणि त्या उत्तम तयारीनेंच आमचा घात केला.

शिबिराच्या पहिल्याच सायंकाळीं परतीच्या पावसाची एक जोराची सर आली. गवंडीदादांच्या कृपेनें तंबू कोरडे राहिले, परंतु लांकडें भिजलीं. एका संघाचा नायक इयत्ता नववींतला मुलगा होता. पंधरा दिवस खपून त्यानें आपल्या संघाच्या पिठलें-भाताचा बेत केला होता, कोणी काय आणावें त्याची यादी वहींत लिहिली होती. तो चुलीपुढें ओणवा होऊन फुंकर घालीत होता. धूर निघत होता, जाळ कांहीं धरत नव्हता. मुलें भुकेलीं दिसूं लागलीं. आम्हांस राहवेना. एकानें घरून शेगडी व सिलिंडर आणलें, दुसऱ्यानें तांदूळ धुतले, आणि अर्ध्या घटकेंत सर्व संघांचा स्वयंपाक आम्हीं आमच्या हातीं घेतला. जेवणानंतर गाणीं आम्हीं म्हटलीं, दुसऱ्या दिवशींचे खेळ आम्हीं खेळविले. पालक पाहावयास आले तेव्हां त्यांनीं तोंड भरून स्तुति केली. आम्ही तृप्त मनानें घरीं आलों.

पुढच्या शनिवारीं तो संघनायक आला नाहीं. त्याच्या पुढच्याहि शनिवारीं नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत आम्ही त्याच्या घरीं गेलों. त्याच्या आईनें चहा ठेवला. मुलगा दाराशीं उभा होता. पुष्कळ विचारल्यावर खालीं पाहत तो म्हणाला, “काका, त्या दिवशीं मी नसतों तरी काय अडलें असतें ?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. चहा तसाच निवून गेला.

त्या रात्रीं आम्हांस या चळवळीचा आरंभ आठवला. दक्षिण आफ्रिकेंत मेफकिंग शहरास १८९९-१९०० मध्यें वेढा पडला असतां तेथील मुलांच्या पथकानें निरोप पोंचविण्याचें काम धीटपणें केलें, तें सेनापति बेडन-पॉवेल यांनीं पाहिलें होतें. पुढें १९०७ च्या ऑगस्टांत इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर त्यांनीं सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें, तेव्हां मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघावर मुलांपैकींच एक नायक नेमला. मोठीं माणसें तेथेंहि होतीं. पण संघ चालविण्याची जबाबदारी नायकाची होती. मोठ्यांना मुलांइतकीच शिकवणीची गरज आहे हें ओळखून १९१९ मध्यें लंडननजीक गिलवेल येथें पथकप्रमुखांचें शिक्षण सुरू झालें, आणि तेथें हीं प्रौढ माणसें स्वतः मुलांसारखीं संघ करून राहत. आम्हीं इतरांच्या मुलांना शिकविण्यास निघतांना स्वतःस कांहीं शिकावयाचें आहे याचा विचारच केला नव्हता.

आपल्या देशांत तर ही चळवळ फावल्या वेळीं राबणाऱ्या माणसांवरच वाढली. १९०९ मध्यें बंगळूरास पहिलें पथक निघालें, तें आरंभीं गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेंच होतें. हिंदी मुलांसाठीं १९१६ मध्यें मद्रासेकडे डॉ. ॲनी बेझंट यांनीं संघटना उभारली. उत्तरेकडे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांच्या प्रयत्नांनीं सेवा समितीचीं पथकें निघालीं. आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजीं निरनिराळ्या संघटना एक होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था झाली. महाराष्ट्रांत १९४१ पासून एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखालीं राष्ट्र सेवा दल वाढलें, त्याच्या कलापथकासाठीं वसंत बापट यांच्यासारख्या कवींनीं गीतें रचलीं. गीत कवीनें दिलें, पण रंगमंचावर तें तरुणांनीं गाइलें. साह्य असावें तें असें, हें तेव्हां आमच्या ध्यानीं आलें.

मंडळाची बैठक भरली. आम्हीं तीन गोष्टी ठरविल्या. पहिली, आमचें काम शिबिराच्या आधीं आणि नंतर. शिबिरांत आम्हीं दिसेल तितकें कमी दिसावें. ओल्या लांकडांतून जाळ कसा करावा, आंतला कोरडा गाभा कसा फोडून काढावा, हें संघनायकांस आदल्या शनिवारीं शिकवावें. शिबिरांत शेगडी आणूं नये. दुसरी, धोका आणि गैरसोय यांत भेद करावा. धरणाचें पाणी, विस्तव, साप, ताप यांच्या बाबतींत आम्हीं क्षणाचाहि विलंब लावूं नये, व पाण्याच्या कांठावर मोठें माणूस असल्यावांचून मुलानें जाऊं नये. परंतु भात करपला, वाट चुकली, तंबू वांकडा झाला, तर हात मागें बांधून उभें राहावें. तिसरी, शिबिर संपल्यावर संघनायकांची सभा भरवावी. काय साधलें, काय फसलें, पुढें काय करावें, हें त्यांनीं बोलावें आणि आम्हीं लिहून घ्यावें.

मग आम्ही पुन्हां त्या मुलाकडे गेलों. “तुझा बेत आम्हीं मोडला, ही आमची चूक झाली,” असें त्यास सांगितलें. वडील माणसास मुलापुढें हें म्हणणें जड जातें. पण म्हटल्यावर मन हलकें झालें. तो कांहीं बोलला नाहीं. शनिवारीं मात्र वही घेऊन आला.

पुढच्या शिबिरांत त्याच्या संघाची चूल पेटावयास पाऊण तास लागला. आम्ही आंब्याच्या झाडाखालीं उभे होतों. परिचारिकाबाई दोनदां पुढें झाल्या व दोनदां मागें आल्या. निवृत्त गृहस्थ घड्याळाकडे पाहत राहिले. अखेर जाळ धरला. भात खालून करपला होता आणि वरून कच्चा राहिला होता. संघांतल्या आठही मुलांनीं तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, आणि नायकानें आमच्यासाठीं पानावर थोडा आणून दिला. त्या भातास धुराचा वास येत होता. शेगडीवरच्या आमच्या भाताची मात्र कोणास आठवणहि उरली नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, अशा मंडळांत आपण अवश्य यावें. द्रव्य नसलें तरी चालेल. महिन्यांतले दोन शनिवार आणि आपल्या हातचें एखादें कसब पुरे. गवंड्याची नजर आमच्या किती उपयोगी पडली तें वर सांगितलेंच आहे. येतांना मात्र हात मागें बांधण्याचा सरावहि करून यावें, कारण तेंच काम सर्वांत कठीण आहे.

आणि विद्यार्थीमित्रांनो, चूल पेटत नसतां झाडाखालीं कोणी मोठें माणूस स्वस्थ उभें असलेलें दिसलें, तर त्यास तुमची काळजी नाहीं असें समजूं नका. तें तुमच्या जाळाची वाट पाहत असतें.