बैठक कीं दप्तर?

घरीं बसून उपजीविका करणें ही गोष्ट आपल्या लोकांस मुळींच नवी नाहीं. सोनाराची बागेसरी ओसरीवर पेटे, शिंप्याचें यंत्र खिडकीशीं चाले, आणि विणकराचा माग तर घरांतच रोवलेला असे. नवें आहे तें इतकेंच कीं, ज्यांचें काम पूर्वीं कचेरींत चालत असे, अशा आमच्यासारख्या लेखणीवर जगणाऱ्या माणसांसही आतां घराचीच कचेरी करावी लागते. २०२० सालच्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि कचेऱ्या एकाएकीं घरांत शिरल्या. पुढें टाळेबंदी उठली, कचेऱ्यांचीं कुलुपें निघालीं. परंतु कित्येकांचें काम घरांत राहिलें तें राहिलेंच. आमचें काम त्यांपैकींच एक.

आमचा धंदा भाषांतराचा आणि पुस्तकांच्या पृष्ठरचनेचा. पूर्वीं हेंच काम आम्ही पुण्यांतील एका खासगी कचेरींत वेतनावर करीत असूं. टाळेबंदींत कचेरीनें एक लॅपटॉप आमच्या घरीं पोंचविला होता. २०२३ सालीं ती नोकरी संपली, तेव्हां तो रीतीप्रमाणें परत गेला. ज्याची वस्तु त्याच्याकडे गेली, ह्यांत तक्रारीस जागा नाहीं. परंतु कारागिराच्या हातांतलें हत्यार गेलें म्हणजे त्याची जी अवस्था होते, ती आमची झाली. गांठीं शिल्लक होती ती एका यंत्रापुरती. दोन यंत्रें घेण्याचें सामर्थ्य नव्हतें, आणि जें घ्यावयाचें तें निदान सहा-सात वर्षें चालणें अवश्य होतें. तेव्हां घ्यावयाचा तो लॅपटॉप कीं डेस्कटॉप, हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. आणि वरवर पाहतां बाजारहाटाचा वाटणारा हा प्रश्न सोडवितांना आम्हांस आपल्या घराकडेच नव्यानें पाहावें लागलें. तो विचार येथें मांडतों, तो अशासाठीं कीं, ह्या अंकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां हाच प्रश्न येणार आहे.

लॅप म्हणजे मांडी आणि डेस्क म्हणजे मेज. एक यंत्र मांडीवर मावणारें, दुसरें मेजावर मांडावयाचें. आम्हीं मनाशीं त्यांस आपल्याकडचीं दोन जुनीं नांवें दिलीं. पेढीवर मुनीमजींची गादी, तिच्यापुढें उतरतें मेज, बाजूस दौत आणि वह्या, ही झाली बैठक. बैठक हलत नाहीं. माणूस तिच्याकडे जातो. उलट, कागद कापडांत बांधून मुक्कामोमुक्काम बरोबर न्यावयाचे, तें दप्तर. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागदांच्या गठ्ठ्यांना आजही रुमाल असेंच म्हणतात. दप्तर माणसाबरोबर जातें. डेस्कटॉप ही बैठक आणि लॅपटॉप हें दप्तर, असें मनांत धरल्यावर विचार करणें सोपें झालें.

बालवाचकांस ऐकून कौतुक वाटेल कीं, वहीसारखा हातांत नेण्याजोगा संगणक असावा, ही कल्पना मुलांकरितांच मांडली गेली होती. ॲलन के नांवाच्या अमेरिकन संशोधकानें १९७२ सालीं ‘डायनाबुक’ ह्या नांवानें अशा यंत्राचें वर्णन केलें, आणि तें सर्व वयांच्या मुलांसाठीं आहे असें म्हटलें. परंतु कल्पना हलकी असली तरी वस्तु जड होती. १९८१ सालीं ऑस्बोर्न-१ नांवाचा वाहून नेण्याचा संगणक बाजारांत आला, त्याचें वजन सुमारें ११ किलोग्रॅम होतें आणि त्याचा पडदा अवघा ५ इंचांचा होता. आज दीड-दोन किलोग्रॅमच्या लॅपटॉपमध्यें त्याहून कितीतरी पट सामर्थ्य असतें. तेव्हां दप्तर जड आहे ही जुनी सबब आतां उरलेली नाहीं.

प्रथम लॅपटॉपचे गुण पाहूं. पडदा, कळफलक आणि विजेचा सांठा हें सर्व एकाच वस्तूंत आलेलें असतें. दोन खोल्यांच्या घरांत तो रात्रीं मिटून फडताळांत ठेवतां येतो. वीज गेली तरी कांहीं तास काम चालतें. डेस्कटॉपचा दिवा मात्र विजेबरोबर मालवतो, आणि त्यासाठीं निराळा यू.पी.एस. घ्यावा लागतो, तोही बहुधा दहा-पंधरा मिनिटेंच साथ देतो. विजेचा खर्चही लॅपटॉपचा कमी. आमच्यासारख्या साध्या कामास लॅपटॉप ४० वॅट आणि पडद्यासह डेस्कटॉप १०० वॅट वीज घेतो असें ढोबळपणें धरलें, तर रोजचे ८ तास आणि महिन्याचे २५ दिवस मिळून २०० तासांस एकास ८ युनिटें व दुसऱ्यास २० युनिटें लागतात. महिन्याचा फरक १२ युनिटांचा. तो फार मोठा नव्हे, परंतु सात वर्षांचा हिशेब करणारानें तो नजरेआड करूं नये.

ह्या सर्वांहून वजनदार मुद्दा निराळाच होता. आमच्या मातोश्री सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, कणकवली तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं असतात. वय ७८. शेजारीं चुलतबंधूंचें घर आहे खरें. तथापि महिन्यांतून चार दिवस रात्रीच्या एस. टी. नें आम्ही त्यांच्याकडे जातों. लॅपटॉप असला तर काम बरोबर नेतां येईल, चारांचे दहा दिवस करतां येतील, आणि मिळकतही बुडणार नाहीं, असें आम्हांस वाटे. सुपुत्रास शोभेल असाच हा विचार होता.

आतां डेस्कटॉपची बाजू. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांस जोडलेले असतात. पडदा डोळ्यांच्या पातळीस आणावा तर हात वर उचलावे लागतात; हात सुखानें ठेवावे तर मान खालीं वांकते. तासभराच्या कामास हें चालतें. रोजच्या आठ तासांस नाहीं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित् खालीं असावी आणि पडदा सुमारें हातभर दूर असावा, असें जाणते सांगतात. मोठ्या पडद्यावर डावीकडे मूळ ग्रंथ आणि उजवीकडे भाषांतर मांडतां येतें, ही सोय आमच्या धंद्यांत चैन नव्हे. दुरुस्तीचेंही तसेंच. डेस्कटॉपच्या पेटींतील भाग सुटे असतात. स्मृतीची पट्टी, तबकडी, विजेचा पुरवठा करणारा डबा, जो बिघडेल तो तेवढाच बदलावा. हल्लींच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्यें स्मृतीचा भाग मुख्य पाटीवर डाखच देऊन बसविलेला असतो. तो पुढें वाढवितांही येत नाहीं. बॅटरी वर्षागणिक क्षीण होत जाते. आणि चहाचा पेला लवंडला तर एकीकडे कळफलक जातो, दुसरीकडे सगळें यंत्रच धोक्यांत येतें. शिवाय तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप बहुधा अधिक शक्तीचा मिळतो.

असा दोन्हीकडचा जमाखर्च मांडून आम्ही बसलों, आणि पारडें लॅपटॉपकडेच झुकत होतें. कारण मातोश्रींचा मुद्दा मानेच्या दुखण्याहून मोठा होता. परंतु घरांतील प्रश्न घरांतल्यांस विचारल्यावांचून सुटूं नये. आमची कन्या आतां ह्याच शाळेंत नववींत आहे. तेव्हां ती सातवींत होती. टाळेबंदींतलें चौथीचें वर्ष तिनें आमच्या मोबाईलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर काढलें होतें. तिनें सर्व हिशेब ऐकून घेतला आणि एकच प्रश्न केला: “बाबा, तुम्ही गांवीं गेलात म्हणजे तोही तुमच्याबरोबरच जाणार ना?” ह्या प्रश्नांत आमचा सगळा जमाखर्च उलटा झाला. लॅपटॉप ज्याच्या खांद्यावर, त्याचा. आणि घरांत खांदा आमचाच होता. बैठक मात्र घराची असते. एक उठला कीं दुसरा बसतो.

एकीकडे आजी आणि दुसरीकडे नात, अशी ही ओढ होती. शेवटीं पुढच्या खेपेस आम्हीं मातोश्रींपुढेंच गोष्ट काढली. लॅपटॉप घेतला म्हणजे दहा दहा दिवस राहतां येईल, हें मोठ्या उत्साहानें सांगितलें. त्या तांदूळ निवडीत होत्या. हात न थांबवितां म्हणाल्या, “दहा दिवस कशाला रे? तुझ्याबरोबर ती पाटी आली म्हणजे तूं तिच्याशीं बोलणार. मग मीं कोणाशीं बोलायचें? चारच दिवस ये, पण मोकळा ये.”

आम्हीं डेस्कटॉप घेतला. २४ इंचांचा पडदा, साधी पेटी, सुटा कळफलक आणि एक लहानसा यू.पी.एस. जुन्या बाजारांतून लांकडी मेज आणलें आणि बाहेरच्या खोलींत अशा बेतानें मांडलें कीं, खिडकीचा उजेड बाजूनें यावा, पडद्यावर पडूं नये. रोज सायंकाळीं सहा वाजतां आम्ही तेथून उठतों. सहा ते साडेआठ ती जागा कन्येची. तिनें तेथेंच इन्स्क्रिप्ट पद्धतीनें देवनागरी लिहिण्याचा सराव केला. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं ठरविलेल्या ह्या मांडणींत स्वर डाव्या हाताशीं आणि व्यंजनें उजव्या हाताशीं असतात, म्हणून ती हातांत लवकर बसते. हल्लीं आमच्या भाषांतराचीं कच्चीं मुद्रितें प्रथम तीच वाचते, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतींत वडिलांची भीड धरीत नाहीं. सहाला उठावें लागतें म्हणून आमचें दिवसाचें काम दिवसांतच उरकतें. रात्रीं अंथरुणांत यंत्र उघडून बसण्याची सोयच राहिली नाहीं.

ह्या निवडीची किंमत पडली नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. महिन्याचे चार दिवस मिळकतीवांचून जातात, आणि ते आम्ही अंदाजपत्रकांत प्रथमच वजा धरतों. २०२४ सालच्या पावसाळ्यांत मातोश्री आजारी पडल्या आणि आम्हांस अकरा दिवस तिकडे राहावें लागलें. एका प्रकाशकाचें पुस्तक मुदतींत होणार नव्हतें. तें आम्हीं परत केलें आणि तें दुसऱ्याकडे गेलें. त्या महिन्याचें उत्पन्न निम्म्यावर आलें. आमच्या मंडळींनीं घरखर्च कसा भागविला, तें त्यांनाच ठाऊक. लॅपटॉप असता तर तें पुस्तक हातचें गेलें नसतें, हें उघड आहे. परंतु त्या अकरा रात्रीं आम्ही मातोश्रींच्या उशाशीं बसलों होतों, आणि आमच्या मांडीवर कांहीं नव्हतें. त्या बऱ्या झाल्या. तें पुस्तक पुढें आम्हीं दुकानांत पाहिलें. चांगलें निघालें आहे.

म्हणून सर्वांनीं डेस्कटॉपच घ्यावा, असा आमचा आग्रह नाहीं. जो हिशेबनीस रोज निराळ्या दुकानीं जाऊन वह्या तपासतो, जो विद्यार्थी वसतिगृहांत राहून सुटींत घरीं परततो, ज्या माउलीस पाळणा आणि चूल ह्यांच्या मधल्या फटींतूनच कामाला वेळ काढावा लागतो, किंवा ज्यांच्या गांवीं वीज तासन्‌तास जाते, त्यांस दप्तरच हवें. त्यांनीं एवढेंच करावें कीं, घरीं बसतांना लॅपटॉपखालीं दोन जाड ग्रंथ ठेवून पडदा उंच करावा आणि सुटा कळफलक जोडावा. म्हणजे मान वांचते. यंत्र कोणतेंही असो, दर वीस मिनिटांनीं वीस सेकंद वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहावें, म्हणजे डोळ्यांस विसांवा मिळतो. आणि कामाची एक प्रत निराळ्या तबकडीवर ठेवावी, कारण चोर लॅपटॉप नेतो तसा विजेचा झटका डेस्कटॉप नेतो.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळजण पुढें घरींच बसून उदरनिर्वाह कराल, आणि ही निवड तुम्हांस आमच्याहून लवकर करावी लागेल. दुकानदार तुम्हांस स्मृतीचे आंकडे, वेगाचे आंकडे आणि किंमतीचे आंकडे सांगेल. ते नीट विचारून घ्या. त्यांत संकोच नको. परंतु काम घरांतल्या कोणत्या जागीं करावयाचें, तें यंत्र आणखी कोणाच्या उपयोगीं पडावयाचें, बिघडलें तर दुरुस्तीचा खर्च झेपेल कीं नाहीं, आणि रोज तेथून केव्हां उठावयाचें, ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें दुकानांत मिळत नाहींत. तीं घरच्या माणसांकडे असतात. आणि यंत्र घरीं येण्यापूर्वींच तीं विचारून घेतलेलीं बरीं.