बेडूकमुख्याचे घर

खानापूर, लोंढा, रामनगर मागे टाकून अनमोडचा घाट उतरू लागले, की गोव्यातील मोले परिसराचे घनदाट अरण्य दोन्ही बाजूंनी जवळ येते. तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन महादेव मंदिराच्या निमित्ताने बेळगावकडील अनेक कुटुंबे या वाटेने जातात. याच रानात पश्चिम घाट आणि श्रीलंका एवढेच ज्याचे जग, असा एक निशाचर पक्षी राहतो. त्याला बेडूकमुख्या म्हणावे.

वाटाड्याने बोट दाखविले, तेव्हा वेलींच्या जाळीत आम्हांस प्रथम वाळक्या पानांची जुडीच दिसली. जरा न्याहाळल्यावर उमगले, की अंगाला अंग भिडवून एक जोडपे झोपले आहे. लांबी जेमतेम २३ सेंटीमीटर. नर करडा, मादी तांबूस. चोच रुंद व चपटी, तिच्याभोवती राठ केस. आमची चाहूल लागताच दोघांनी चोची सावकाश आभाळाकडे उचलल्या आणि मोडक्या फांदीचे रूप घेतले.

रातव्याशी याची गल्लत होऊ शकते. परंतु रातव्याची चोच इवलीशी असते व तो बहुधा जमिनीवर विसावतो. हा मात्र डहाळीवर ताठ बसतो. तिन्हीसांज झाली, की मादीची कर्कश आरोळी रानात घुमते आणि मग हे जोडपे किडे टिपावयास निघते. आपलीच मऊ पिसे व दगडफूल यांची लहानशी गादी करून मादी तीवर एकच पांढरे अंडे घालते. दिवसा ते उबविण्याचे काम नराकडे असते.

या पक्ष्यापाशी वेषांतराखेरीज दुसरे संरक्षण नाही, आणि ते वेषांतर वाळकी पाने, वेत व वेली यांच्या गर्दीतच साधते. आपण ज्याला झाडोरा म्हणून तोडून रान ‘स्वच्छ’ करतो, तेच त्याचे घर होय. मोलेतून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली, ती अशा रानाचे मोल ओळखूनच.

वाचकांपैकी कुणी तिकडे गेल्यास झोपलेल्या जोडप्यावर प्रकाशझोत टाकू नये, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून त्यास फसवू नये. दुरून पाहावे, मुलांना दाखवावे आणि पाऊल न वाजविता परतावे.