चिखलातले गणगोत

पेण म्हटले की मुंबईकराला गणपती आठवतो आणि त्याच्या गृहिणीला पोहे-पापड. पेणच्या पुढचा प्रदेश मात्र आपण बहुधा डुलक्या घेतच ओलांडतो. दिवा-रोहा मार्गावर पेण सुटले की कासू, मग नागोठणे आणि मग रोहा. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते, आणि प्रवाशाची खरी उत्सुकता तिथूनच जागी होते. कासू हे कोणत्याही प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नाही. तरीही दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस हाताशी असतील, तर वाचकहो, कासूला उतरा आणि पश्चिमेकडच्या खारेपाटाची वाट धरा. चिखलाची हौस मात्र हवी.

आमच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक तसे अबोल. पण चिखल दिसला की त्यांची वाणी मोकळी होते. त्यांच्याबरोबर मी हा मुलूख पाहिला. सह्याद्रीतून निघालेली अंबा नदी नागोठण्यावरून येऊन धरमतरच्या खाडीला मिळते. या खाडीच्या काठाकाठाने मातीचे लांबच लांब बांध गेले आहेत. बांधाच्या आत भातखाचरे. बाहेर तिवरांची झाडी आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. पावसाचे पाणी बाहेर जावे आणि खाडीचे आत येऊ नये म्हणून बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवलेल्या असतात. उधाणाला बांध फुटला की शेताचे मीठ होते. बांधावर भेटलेल्या एका आगरी शेतकऱ्याने सगळे अर्थशास्त्र एका वाक्यात सांगितले, ‘‘गुरुजी, खाडी बाहेर राहिली तर भात, आत आली तर उपास!’’ सरकारनेही ही गोष्ट ओळखून 1948 साली आणि पुन्हा 1979 साली खारजमिनींसाठी कायदे केले.

एवढ्यात आमचे प्राध्यापक बांध उतरून गुडघाभर चिखलात शिरलेही होते. त्यांनी फावड्याने एक ढेकूळ उपसले आणि फोडून दाखवले. आतला चिखल काजळासारखा काळा. पण त्यात पेन्सिलीएवढे एक बीळ होते आणि बिळाभोवती तांबूस, गंजल्यासारखे कडे. ते म्हणाले, ‘‘हे कडे पाहिलेत ना? आतला प्राणी अंग हलवून बिळात पाणी खेळवतो. पाण्याबरोबर प्राणवायू खाली जातो आणि चिखलातल्या लोहाला गंज चढतो. या चिखलाचा श्वास चालू आहे तो या बिळांमुळे!’’

बिळाचा मालक मग यथावकाश बाहेर आला. लांबट, हिरवट-तांबूस, शंभराच्या आसपास वळी असलेला. प्रथमदर्शनी गोम वाटावी. पण भिंगातून पाहिला तर दृश्य निराळेच. प्रत्येक वळ्याला दोन्ही बाजूंनी मांसल वल्ह्यासारखा एकेक पाय, आणि प्रत्येक पायातून बाहेर आलेला राठ केसांचा झुबका. या केसांना शास्त्रीय मराठीत ‘शूक’ म्हणतात. हा शब्द ऐकून मराठीचा मास्तर सुखावला. संस्कृतात शूक म्हणजे धान्याच्या लोंबीचे कुसळ! बांधाच्या आतल्या लोंबीला कुसळ आणि बाहेरच्या किड्यालाही कुसळ. शास्त्रज्ञांनी या वर्गाला ‘पॉलिकीटा’, म्हणजे ‘पुष्कळ केसांचे’, असे नाव दिले. जगात त्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती ठाऊक आहेत.

आम्ही पाहिलेला प्राणी नेरिस कुळातला. या कुळाच्या डोक्यावर चार डोळे, दोन लहान शृंगिका, दोन जाड स्पर्शक आणि मिशांसारखे चार जोड तंतू असतात. अंगात रक्त लाल, आपल्यासारखेच. फक्त त्यातले हीमोग्लोबिन पेशींत नसून द्रवातच विरघळलेले. तोंडाची तर गंमतच आहे. भक्ष्य दिसले की हा प्राणी पायमोजा उलटावा तसा आपला घसा उलटा करून बाहेर फेकतो. त्याच्या टोकाला दोन वाकडे जबडे असतात. त्यांत जस्त असते आणि त्यामुळे त्यांना कठीणपणा येतो. घशावर काळे बारीक दातही असतात. ते कुठे आहेत, किती आहेत, कोणत्या आकाराचे आहेत, यावरून जात ठरते. त्यासाठी तज्ज्ञांनी या इवल्याशा घशाचे आठ विभाग पाडून त्यांना रोमन आकडे दिले आहेत!

इथून पुढे कथा नावांची आहे. लिनीयसने 1758 साली ‘नेरिस’ हे नाव मुक्रर केले, ते ग्रीक पुराणातल्या सागरकन्यांवरून. पण त्याच वेळी त्याने किडे, शंखशिंपले असे सारे ‘वर्मिस’ नावाच्या एकाच पोत्यात भरले होते. पुढे लामार्कने वलये असलेल्यांचा वेगळा संसार मांडून दिला. 1840 साली ग्रूब या जर्मन शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रातल्या एका जातीला ‘कल्ट्रिफेरा’, म्हणजे ‘सुरी बाळगणारा’, असे नाव दिले. घशाच्या सहाव्या विभागात दोन्ही बाजूंना सुरीच्या पात्यासारखा एकेक आडवा दात, ही त्याची खूण. आज तो पेरिनेरिस कल्ट्रिफेरा म्हणून ओळखला जातो. पुढे पिएर फोव्हेल या फ्रेंच पंडिताने भारताच्या शूककृमींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो 1953 साली निघाला. आपल्याकडच्या अनेक किड्यांना त्या काळी युरोपातलीच नावे मिळाली. सुरी दिसली की कल्ट्रिफेरा! आता शास्त्रज्ञ म्हणतात, एका नावाखाली अनेक निराळ्या जाती नांदत असाव्यात.

‘‘नावात काय आहे?’’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कॅपिटेला नावाच्या शूककृमीने दिले आहे. हा जिथे बुजबुजतो तिथला चिखल सांडपाण्याने बिघडला असे जगभर मानले जाई. 1976 साली ग्रासल दांपत्याने तपास केला, तेव्हा ही एक जात नसून निदान सहा जाती निघाल्या. रोग्याची नाडी म्हणून आपण एका माणसाचा हात धरला होता. प्रत्यक्षात ते सहा जणांचे हात होते!

कासूच्या पंचक्रोशीत ही नाडीपरीक्षा हवीच आहे. खाडीत बार्जा येतात-जातात, काठी कारखाने उभे आहेत, महामार्ग रुंदावतो आहे. चिखलातल्या किड्यांवर चिंबोऱ्या, मासळी आणि हिवाळी पाहुणे तुतवार जगतात. लहान मासळीवर जिताडा पोसतो, आणि जिताड्यावर खारेपाटाचा पाहुणचार. खाली बिळे बुजली तर वर पंगत बसायची नाही. आणि खाली कोण राहते हे लिहून ठेवले नसेल, तर कोण निघून गेले हेही कळायचे नाही.

याच कुळातल्या अनेक जातींचे अखेरचे पर्व मात्र थाटाचे असते. वयात आल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात, पाय वल्ह्यांसारखे रुंदावतात आणि चंद्रकलेच्या हिशेबाने ते बीळ सोडून वर पोहत येतात. अंडी आणि रेत पाण्यात सोडून त्यांची जीवनयात्रा संपते. दूर पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर पालोलो नावाचा त्यांचा एक भाऊबंद ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कृष्ण अष्टमीच्या सुमारास, शरीराचा मागचा भाग समुद्रात सोडून देतो. बेटावरची माणसे तो टोपल्यांनी भरून नेतात आणि मेजवानी करतात. आपल्या दिवाळीच्याच आसपासचा हा त्यांचा फराळ!

परतताना प्राध्यापकांनी खाचरातला एक गांडूळ उचलून माझ्या बोटांवर चोळला. खरखर लागली. त्याच्याही अंगावर शूक होते, अगदी बारीक. 1990 च्या दशकापासून जनुकांच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे की गांडूळ आणि जळू हे शूककृमींचे चुलतभाऊ नव्हेत, तर त्यांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहेत. समुद्र सोडून जमिनीवर आलेली, पाय टाकून दिलेली, केस विरळ झालेली. शेतकऱ्याने भात आणि खाडी यांच्यामध्ये बांध घातला, तो त्याने घालायलाच हवा होता. पण बांधाच्या अलीकडची माती जो भुसभुशीत करतो आणि पलीकडचा चिखल जो जिवंत ठेवतो, ते दोघे एकाच घरचे. एकाला आपण शेतकऱ्याचा मित्र म्हणतो; दुसऱ्याला अजून धड नावही दिलेले नाही.