रानाचा हक्क, घडवण्याचा हक्क

पनवेलहून उरणच्या बाजूला गेलं की डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या कडेला चिरनेर लागतं. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतली आगरी, कोळी, कातकरी माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन चढली आणि सरकारनं राखून ठेवलेल्या रानातली झाडं त्यांनी तोडली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. आजही दरवर्षी त्या दिवशी गाव त्यांना मानवंदना देतं.

हा लढा स्वातंत्र्याचा होता, हे आपण शाळेत शिकतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नांगराचं रुमणं, बैलांचं जू, कुऱ्हाडीचा दांडा, घराचे वासे, चुलीतलं सरपण हे सगळं रानातून येत होतं. इंग्रज सरकारच्या वन कायद्यांनी ते रान कुलपात गेलं. सुताराच्या हातात कसब होतं, शेतकऱ्याला गरज होती, डोंगर डोळ्यांसमोर होता, पण हात लावला की गुन्हा. म्हणजे नाकारला गेला होता तो आपल्या गरजेची वस्तू आपण घडवण्याचा हक्कही. त्रिमितीय छपाईबद्दल वाचताना, ऐकताना मला चिरनेर आठवतं ते यामुळे. हा हक्क आता नव्या रूपात आपल्यासमोर येऊन उभा राहिला आहे.

छपाईचं हे यंत्र, म्हणजे थ्रीडी प्रिंटर, करतं काय, ते समजायला फार अवघड नाही. आजवर वस्तू घडवण्याच्या दोन मोठ्या वाटा होत्या. एक कोरण्याची: लाकूड, दगड, धातू घ्यायचा आणि नको तेवढं काढून टाकायचं. दुसरी साच्याची: साचा बनवायचा आणि त्यात माल ओतायचा. थ्रीडी प्रिंटर तिसऱ्या वाटेनं जातो. संगणकावरच्या आराखड्याचे तो पातळ आडवे थर पाडतो आणि थरावर थर चढवत वस्तू उभी करतो. घरगुती यंत्रात प्लास्टिकची बारीक तार सुमारे दोनशे अंश तापमानाला वितळते आणि सोऱ्यातून चकली पडावी तशी नळीच्या तोंडातून पडत जाते. एकेक थर मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. कारखान्यातल्या मोठ्या यंत्रात तारेऐवजी धातूची भुकटी असते आणि लेसरचा किरण ती थराथरानं वितळवून जोडतो.

अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८३ साली या पद्धतीनं पहिली वस्तू बनवली आणि १९८६ साली त्यांना पेटंट मिळालं. तार वितळवून थर देण्याची पद्धत स्कॉट क्रंप यांची, १९८० च्या दशकाच्या अखेरची. पुढची वीस वर्षं ही यंत्रं मोठ्या कंपन्यांच्या संशोधन विभागांतच राहिली, कारण त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हत्या. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ साली रेपरॅप नावाचा प्रकल्प सुरू केला. स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापू शकेल असं यंत्र बनवायचं आणि त्याचे आराखडे जगाला फुकट द्यायचे, ही त्यामागची कल्पना. २००९ मध्ये तारेच्या पद्धतीचं मूळ पेटंट संपलं आणि लाखांत मिळणारं यंत्र काही वर्षांत हजारांत आलं. यंत्र तेच होतं, त्यामागचं विज्ञानही तेच होतं. बदलली होती ती फक्त मालकी. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

कारखानदारीत या छपाईनं काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचं छापलेलं इंजिन इस्रोनं ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद चालवून पाहिलं. पूर्वी हे इंजिन चौदा भाग जोडून व्हायचं, आता ते एकसंध छापलं गेलं आणि एकोणीस वेल्डिंगचे जोड गेले. पूर्वी एका इंजिनासाठी ५६५ किलो धातू लागायचा, त्यातला बराचसा कोरून बाजूला पडायचा. आता १३.७ किलो भुकटी पुरली. बंगळूरमध्ये १,०२१ चौरस फुटांचं टपाल कार्यालय काँक्रीटचे थर छापून ४३ दिवसांत उभं राहिलं, ते ऑगस्ट २०२३ मध्ये उघडलं. आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कानात बसणारं श्रवणयंत्राचं कवच तर आता बहुतेक ठिकाणी छापलेलंच असतं, कारण दोन माणसांचे कान सारखे नसतात.

ही शेवटची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. साच्यातून निघालेली वस्तू सगळ्यांना सारखी असते, मग आपलं शरीर तिच्याशी जुळवून घेतं. गावचा सुतार तसं करत नसे. विळ्याची मूठ धरणाऱ्याचा हात बघून तो ती तासायचा. कारखान्यानं वस्तू स्वस्त केली, घरोघरी पोचवली, त्याचे उपकार मोठे आहेत, पण तिचं माप माणसापासून तुटलं. छपाईमुळे ते माप परत येऊ शकतं. अपघातात बोटं गेलेल्या कामगाराला त्याच्या पंजाच्या मापाचा आधार मिळू शकतो, संधिवात झालेल्या आजीला तिच्या बोटांना झेपेल अशी चमच्याची मूठ.

रोजच्या जगण्यात मात्र सर्वांत मोठा फरक पडेल तो दुरुस्तीत. औषध फवारण्याच्या पंपाची एक छोटी कडी तुटते, मिक्सरचा एक दातेरी भाग झिजतो. दुकानदार सांगतो, हा भाग सुटा येत नाही, नवीनच घ्या. तळहाताएवढ्या प्लास्टिकसाठी धडधाकट वस्तू भंगारात जाते. आमच्या घरातून अशा कितीतरी वस्तू गेल्या आणि प्रत्येक वेळी मन खट्टू झालं. तालुक्याच्या गावी एक प्रिंटर आणि तो चालवणारं एक जाणतं माणूस असेल, तर हे बरंचसं थांबेल.

अर्थात या यंत्राच्या मर्यादा खऱ्या आहेत. ते संथ आहे. साच्यातून बादली काही सेकंदांत पडते, छापायला कित्येक तास लागतील. साच्याच्या वस्तूची किंमत संख्या वाढली की उतरते, छापलेल्या वस्तूची फारशी उतरत नाही. त्यामुळे बादल्या आणि खुर्च्या साच्यातूनच येत राहतील. थर जिथे एकमेकांना चिकटतात तिथे वस्तू कमजोर असते, म्हणून वजन पेलणाऱ्या भागाला अनुभवाची नजर लागते. आणि हौसेपोटी छापलेल्या निरुपयोगी प्लास्टिकचा ढीग वाढला, तर तोही शेवटी आपल्याच खाडीत येणार आहे.

उरणकरांनी या तंत्राचा विचार करण्याचं आणखी एक कारण आहे. चिरनेरहून थोड्या अंतरावर जवाहरलाल नेहरू बंदर आहे, १९८९ साली सुरू झालेलं. २०२४-२५ मध्ये तिथून वीस फुटी मापाच्या सत्तर लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा झाली. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे बंदर आणि त्याच्या आजूबाजूचा पसारा उभा राहिला, त्यांची मुलं आज गोदामांत, कंटेनर यार्डांत, ट्रेलरवर काम करतात. माल एकीकडे बनतो आणि दुसरीकडे जातो, म्हणून हा रोजगार आहे. उद्या यंत्राचे सुटे भाग जहाजानं येण्याऐवजी त्यांचे आराखडे इंटरनेटवरून आले आणि इथेच छापले गेले तर? बंदर ओस पडेल असं मी मुळीच म्हणत नाही. तेल, धान्य, कापड छापता येत नाही. पण काही प्रकारच्या मालाचे कंटेनर कमी होतील, आणि त्यामुळे जाणाऱ्या कामाची जागा घेणारं काम कोणतं, ते कोण करणार, हे आजच ठरवावं लागेल. जमीन गेल्यावर नोकरी मागायला उभं राहण्याचा अनुभव या पट्ट्यानं एकदा घेतला आहे. या वेळी कसब आधी हातात यायला हवं.

ते येऊ शकतं, हे महाराष्ट्रानं दाखवूनही दिलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांनी संगणकाच्या आराखड्यावरून वस्तू घडवणाऱ्या छोट्या कार्यशाळेची, म्हणजे फॅब लॅबची कल्पना मांडली, तेव्हा एमआयटीबाहेरच्या पहिल्या लॅबपैकी एक २००२ साली याच पाबळला उभी राहिली. शाळेत न रमलेली मुलं तिथे गावाच्या अडचणींवर यंत्रं बनवायला शिकली. अशा कार्यशाळा पुढे जगभर पसरल्या, आणि आपल्या दुष्काळी टापूतलं एक खेडं त्यांच्या आरंभाशी होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पाबळचा धडा असा की यंत्र विकत घेणं हे काम सर्वांत सोपं आहे. अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेतून देशातल्या सुमारे दहा हजार शाळांना प्रयोगशाळांसाठी मदत मिळाली आहे आणि त्यांच्या साहित्यात थ्रीडी प्रिंटरही असतो. पण प्रिंटर पाहुणे आले की दाखवायचा आणि एरवी कापडाखाली झाकून ठेवायचा, असं झालं तर मुलं किल्ल्या अडकवायच्या कड्या छापण्यापलीकडे जाणार नाहीत. त्या खोलीत गावचा पंप दुरुस्त करणारा आला पाहिजे, सुतार आला पाहिजे, गणपतीच्या मूर्ती घडवणारा कारागीर आला पाहिजे. अशा मूर्तींसाठी ओळखली जाणारी पेण आणि हमरापूर चिरनेरहून दूर नाहीत. तिथल्या कलाकाराची मूळ मूर्ती संगणकावर उतरवून तिचे साचे छापता येतील, हे खरं. मग ती संगणकातली मूर्ती कुणाची? हातानं ती पहिल्यांदा घडवणाऱ्याची, की फोनवर तिचं चित्रण करून घेणाऱ्याची? याचं उत्तर कायद्यानं आणि आपल्या सद्‌सद्विवेकानं कारागिराच्या बाजूनं द्यायला हवं.

तुटलेल्या कडीच्या बाबतीत मात्र उत्तर उलट असायला हवं. विकत घेतलेल्या वस्तूचा मोडलेला भाग पुन्हा बनवण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे. केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केलं. पाऊल चांगलं आहे, पण आराखड्याशिवाय हा हक्क अर्धाच आहे. उद्याचं रान म्हणजे हे आराखडे. ते कुलपात राहिले तर दारात यंत्र असूनही गावाचा हात रिकामाच राहील.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सरकारी अनुदानातून शेतकऱ्याला जे अवजार, जो पंप, जो फवारा दिला जातो, त्याच्या झिजणाऱ्या भागांचे आराखडे खुले असले पाहिजेत, ही अट खरेदीच्या वेळीच घातली जावी. शाळांतल्या आणि आयटीआयमधल्या प्रयोगशाळा आठवड्यातून एक दिवस गावासाठी उघड्या ठेवाव्यात. आणि वाचकहो, ग्रामसभेत रस्ते, पाणी, दिवे यांचे विषय निघतील तेव्हा हाही विषय काढा. यंत्र आपल्या गावात येईलच, ते आपल्या कामाचं होईल की नाही हे आपण आज काय मागतो त्यावर ठरणार आहे.